गावात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी ॲम्ब्युलन्स घेऊन द्यावी का? स्वयंसेवकांच्या जोरावर अशी सेवा चालते का?

तुम्ही लिहिलंय की रत्नागिरी जिल्ह्यातल्या तुमच्या गावात निम्म्या घरांना कुलूप आहे, उरलेल्यांत एकटी म्हातारी माणसं राहतात, आणि मुंबई मंडळात वर्गणी काढून ॲम्ब्युलन्स घ्यायचं घाटतंय. सेवा चालते. शेजारच्या तालुक्यात आमच्या गावात चालू आहे आणि मी तिच्यात सुरुवातीपासून आहे. पण ॲम्ब्युलन्स घेऊ नका.

माझी नोकरी एसटीत झाली, शेवटची वर्षं कंट्रोलर म्हणून. गाडी विकत घेणं सोपं. ती रोज वेळेवर रस्त्यावर काढणं अवघड. ॲम्ब्युलन्सला चोवीस तास ड्रायव्हर हवा, म्हणजे एकाने भागत नाही. त्यांचे पगार, विमा, पासिंग, टायर, बॅटरी. पहिल्या वर्षी उद्घाटनाच्या उत्साहात सगळं निभावतं, पुढे गाडी देवळामागे ताडपत्रीखाली जाते आणि उंदीर वायरिंग खातात. अशा गाड्या आमच्या भागात शोधाव्या लागत नाहीत. देणगीदाराचं नाव तेवढं बाजूवर ठसठशीत असतं.

जिवावरच्या प्रसंगाला १०८ आहे. २०१४ साली राज्यात ९३७ गाड्यांनिशी ती सुरू झाली, त्यातल्या २३३ गाड्या अतिगंभीर रुग्णांसाठीच्या. गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठी १०२ आहे, घरून दवाखान्यात आणि दवाखान्यातून घरी, मोफत. आमच्या वळणांच्या रस्त्यांवर १०८ ला वेळ लागतो, हे मान्य. पण गावची गाडी असली तरी रात्री दोन वाजता ड्रायव्हर उठून येईपर्यंत वेळ जाणारच, आणि तिच्यात डॉक्टर नसणार. त्यापेक्षा १०८ ला फोन लावल्याबरोबर एकाने बॅटरी घेऊन फाट्यावर उभं राहायचं, म्हणजे गाडी भलत्या वाडीत शिरत नाही.

आणि रस्त्यापर्यंत पेशंट आणायचा कसा, याचाही विचार करा. आमची अर्धी घरं पाखाडीवर, म्हणजे चढाच्या पायऱ्यांच्या वाटेवर आहेत, तिथे कुठलीच गाडी पोचत नाही. हाताची एक मजबूत खुर्ची घेतली, तिला दोन्ही बाजूंनी दोन बांबू काथ्याने घट्ट बांधले, पोटावर बांधायला जुनं नऊवारी. चार जण उचलतात, पाचवा पुढे चालून पायऱ्या सांगतो. पावसात पायरीवर शेवाळ असतं, तेव्हा हा पाचवा माणूस सगळ्यात महत्त्वाचा. आमच्या सेवेतली सर्वांत जास्त वापरली जाणारी गाडी हीच.

रात्रीअपरात्रीचे प्रसंग मोजकेच. बाकी वर्षभर अडतं ते साध्या कामांना. मोतीबिंदूची तारीख, शुगर तपासणी, टाके काढणं, आठवड्याला दोन-तीनदा डायलिसिस, बँकेत हयातीचा दाखला. ही माणसं बसून जाऊ शकतात. त्यांना हवा असतो सोबत जाणारा माणूस.

उपजिल्हा रुग्णालयात एकट्या आजीची काय गत होते ते बघा. केस पेपर एका खिडकीत, डॉक्टर दुसऱ्या टोकाला, रक्त द्यायला जिना चढून वर, रिपोर्ट दुपारी, औषधाची खिडकी जेवणाला बंद. आजींच्या हातात मेडिकलच्या पिशवीत पाच वर्षांचे कागद एकात एक घुसलेले. आठवडाभर शेजारणीला पाय सुन्न होतात म्हणून सांगणारी हीच बाई डॉक्टरांनी विचारलं की म्हणते, ‘काही नाही, बरंय तसं.’ सोबतीला गेलेल्याने हे बोलायचं असतं. म्हणून आम्ही आदल्या संध्याकाळी घरी जाऊन तक्रारी कागदावर लिहून घेतो, कागद तारखेप्रमाणे लावतो, चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर घेतो. परत आल्यावर कुठली गोळी कधी घ्यायची ते पाकिटावर मोठ्या अक्षरात, आणि मुंबईला मुलाला किंवा मुलीला फोन. हा फोन चुकवायचा नाही. डॉक्टर काय म्हणाले हे आईकडून ऐकलं तर मुलाला काहीच कळत नाही, आणि मग तो आपल्यावर खेकसतो.

वाहनाचं आम्ही असं केलं. जाताना शक्यतो वस्तीची गाडी, कारण ती पहाटे गावातूनच सुटते आणि बसायला जागा मिळते. एसटीत ७५ वर्षांवरच्यांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट, आणि २०२३ पासून बायकांना सरसकट अर्धं. येताना माणूस दमलेला असतो, तेव्हा रिक्षा. ती गावातल्याच रिक्षावाल्यांची, ठरलेल्या दराने. भाडं महिन्याच्या हिशेबाने आमचं मंडळ देतं. यात दोन गोष्टी साधतात. एक म्हणजे त्यांच्या पोटावर पाय येत नाही. तुम्ही फुकट गाडी आणलीत तर पहिला विरोध रिक्षा स्टँडवरून होईल, आणि तो चुकीचाही नाही. दुसरी कायद्याची. पांढऱ्या पाटीच्या खाजगी गाडीतून पैसे घेऊन माणसं नेता येत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे परमिट लागतं, आणि भाडं घेताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. कोणी आपल्या गाडीने प्रेमाने सोडलं तर उत्तम, पण पेशंटकडून त्याच्या हातात एक रुपयाही पडता कामा नये. ‘डिझेलपुरते घे रे बाळा’ म्हणणाऱ्या आजीलाही ठामपणे नाही म्हणायचं.

अंथरुणाला खिळलेल्यांचं काम वेगळं आणि जास्त चिकाटीचं. त्यासाठी केरळकडे बघा. कोझिकोडला १९९३ साली काही डॉक्टरांनी दुखणं कमी करण्याचं काम सुरू केलं, आणि पुढे ते गावोगावच्या साध्या माणसांच्या हातात गेलं. शिक्षक, दुकानदार, गृहिणी. आठवड्याला निदान दोन तास देईल तो प्रशिक्षण घेऊन स्वयंसेवक, नर्स बरोबर, आणि घरोघरी फेरी. २००८ मध्ये तिथल्या सरकारने त्यावर धोरणच केलं. आमचा आवाका तेवढा नाही. आम्ही कूस बदलणं, अंग पुसणं, टाचा आणि माकडहाड लाल झालंय का बघणं एवढंच करतो, तेही घरच्यांना शिकवून, कारण कूस दर दोन तासांनी बदलायची असते आणि तेवढा वेळ बाहेरचं कोणी तिथे बसू शकत नाही. इंजेक्शन, सलाईन, जखमेचं ड्रेसिंग याला हात लावायचा नाही, कितीही आग्रह झाला तरी. ते उपकेंद्रातल्या सिस्टर बघतील. आशाताईंना मात्र आपल्या फुकटच्या मदतनीस समजू नका. त्यांच्यामागे कामं आणि रजिस्टरं आधीच भरपूर असतात.

बाया हव्यातच. लघवीचा त्रास, अंगावरून जाणं, कपडे खराब होणं हे कुठलीही आजी माझ्यासमोर बोलणार नाही. बचत गटातल्या बायकांनी मनावर घेतलं तेव्हा आमचं काम खऱ्या अर्थाने सुरू झालं. त्याआधी आम्ही नुसते हमाल होतो.

आता भांडणांचं. गाव म्हटलं की वाड्या आल्या, आणि वाड्यांची जुनी प्रकरणं. मंदिराच्या ट्रस्टवरून दोन गट असतील तर सेवेचा फोन एकाच गटाच्या घरात ठेवू नका, दुसऱ्या बाजूची म्हातारी मरेल पण तो नंबर लावणार नाही. आम्ही दोन वाड्यांत दोन नंबर ठेवले. टोकाच्या वस्तीतल्या घरांची यादी पहिल्या पानावर लिहा, नाहीतर ती घरं नेहमीप्रमाणे राहून जातात. बॅनरवर कुणाचाही फोटो नको, निवडणुकीच्या वर्षी तर बॅनरच नको.

माणसं कमी पडण्याचा हंगाम ठरलेला आहे. जुलैत लावणी चालू असते, चिखलातून कोणी उठत नाही, आणि नेमके तेव्हाच ताप, पडझड, सर्पदंश. त्या महिन्यासाठी शेती नसलेली माणसं आधीच हेरून ठेवावी लागतात. निवृत्त शिक्षक, पोस्टातून निवृत्त झालेले, माझ्यासारखे एसटीवाले.

तुम्ही मुंबईकरांनी काय करायचं, तर पैसे गाडीत न घालता रिक्षाभाड्यात घाला, दर महिन्याला थोडे, पण न चुकता. रक्कम वाढायला लागली की सहायक धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करून घ्या, नाहीतर हिशेबावरून नाती तुटतात. दुसरं काम फक्त तुम्हीच करू शकता. गावचा पेशंट मुंबईला पाठवला की केईएमच्या गर्दीत त्याला घ्यायला कोणीतरी उभं हवं. धर्मादाय इस्पितळांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात, पण तिथल्या समाजसेवकाला भेटून, रेशनकार्ड, आधार आणि उत्पन्नाचा दाखला पुढे ठेवून ते मागावं लागतं. सत्तरीच्या म्हाताऱ्याबरोबर आलेल्या त्याच्या बायकोला हे जमत नाही. तुमच्यातल्या चौघांनी आलटूनपालटून ही जबाबदारी घेतलीत तर ती ॲम्ब्युलन्सपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

गणपतीत सगळे गावी असालच. आरतीनंतर वही घेऊन बसा आणि घरटी लिहा: कोण एकटं आहे, औषधं कुठली चालू, मुलांचा नंबर काय, रस्त्यापासून घर किती पायऱ्यांवर. एवढं झालं की मला इथेच कळवा, आमच्या रजिस्टरच्या रकान्यांचा फोटो पाठवतो.