माजी विद्यार्थ्याशी ‘सहज गप्पा’: अमेरिकेला अर्ज करणाऱ्या बारावीतल्या मुलीला उत्तर

तू विचारलंयस की अमेरिकेतल्या कॉलेजला अर्ज केल्यावर तिथल्या एका माजी विद्यार्थ्याचा मेल आलाय, ‘सहज गप्पा मारू’ म्हणतोय. हा इंटरव्ह्यू समजायचा का, आणि तयारी काय करायची? मी नाशिक सोडून इकडे न्यू जर्सीत आलो त्याला बरीच वर्षं झाली. माझ्या कॉलेजसाठी अशा मुलाखती घेतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इंटरव्ह्यूच आहे, पण तुझा निकाल लावणारा नाही. समोरचा माणूस बिनपगारी स्वयंसेवक. बहुतेक कॉलेजं त्याला तुझे मार्क, एसएटी या प्रवेश परीक्षेचा स्कोअर, निबंध यातलं काही दाखवत नाहीत. अर्धा-पाऊण तास बोलून तो ॲडमिशन ऑफिसला अहवाल पाठवतो, की त्याचं काम संपलं. त्यामुळे ‘माझं होईल का?’ हे त्याला विचारू नकोस, त्यालाही ठाऊक नसतं.

सगळीकडे ही पद्धत नाही. जॉर्जटाउनला शक्य असेल तिथे ही मुलाखत द्यावीच लागते. एमआयटीत माणूस उपलब्ध असेल तर होते. ब्राउनने ती बंद करून छोटा व्हिडिओ मागायला सुरुवात केली. बर्कली, यूसीएलए ही कॅलिफोर्नियातली सरकारी विद्यापीठं तर पदवीच्या प्रवेशासाठी सहसा मुलाखत घेत नाहीत. मैत्रिणीला मेल आला आणि तुला नाही, असंही होईल. बऱ्याचदा तुमच्या भागात त्यांचा माणूस नसतो, एवढंच कारण असतं.

आता मुद्द्याचं. आपल्याकडची मुलं तोंडी परीक्षेसारखी तयारी करून येतात. ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ म्हटलं की पाठ केलेलं घडाघडा सुरू. आणि स्वतःबद्दल बोलणं म्हणजे फुशारकी, हे घरात इतकं बिंबवलेलं असतं की गटाने काय केलं ते सांगतात आणि आपला वाटा गिळून टाकतात. एक मुलगी म्हणाली, ठिबक सिंचनाच्या प्रोजेक्टला पहिलं बक्षीस मिळालं. छान. पण तू काय केलंस? बराच वेळ गप्प. मग हळूहळू निघालं: बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी ड्रिपर बुजायचे. ही ते रात्री व्हिनेगरमध्ये भिजत घालायची, सकाळी साफ करून प्रत्येकातून किती पाणी पडतं ते मापायची आणि वहीत लिहून ठेवायची. माझ्या अहवालात ती वही गेली, बक्षीस एका ओळीत आटोपलं. तुझ्याकडेही अशी एखादी वही असेलच. उत्तरं पाठ करण्यापेक्षा तुझ्या दोन-तीन कामांचे बारकावे आठवून ठेव: काय बिघडलं, मग तू काय केलंस.

‘आमचंच कॉलेज का?’ हे विचारतील. रँकिंग सांगू नकोस, ते त्यांना माहीत आहे. एखादा कोर्स किंवा प्राध्यापकांचं काम आधी वाचून ठेव. शेवटी तुला प्रश्न विचारायला सांगतील, तेव्हा प्लेसमेंटचे आकडे मागू नकोस. पहिल्या वर्षी त्यांना काय जड गेलं, ते विचार. त्यावर ते मनापासून बोलतात.

मेलला दिवसा-दोन दिवसांत उत्तर दे. स्पॅमही बघत जा. माणूस न्यूयॉर्क-बोस्टनकडचा असेल तर वेळेची खात्री कर, कारण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं मागे जातात आणि भारताशी फरक साडेनऊचा साडेदहा तास होतो. प्रत्यक्ष भेट असेल तर कॅफे किंवा लायब्ररीसारखी जागा ठरव. आई-बाबांनी सोडायला यावं, पण टेबलावर बसू नये. (बसतात! आणि उत्तरंही देतात.) साधा, इस्त्रीचा ड्रेस पुरे. बाकरवडीचा पुडा प्रेमाने नेऊ नकोस, भेटवस्तू घेता येत नाही. घरी आल्यावर चार ओळींचा आभाराचा मेल पाठव.

आणि हे व्हिसाच्या मुलाखतीत मिसळू नकोस. तुझे काका सांगतात ते, म्हणजे ‘शिकून परत येणार’ हे पटवून देणं आणि पैशांचे कागद दाखवणं, हे सगळं मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत, एफ-1 या विद्यार्थी व्हिसासाठी. तिथे खिडकीपलीकडचा अधिकारी काही मिनिटांत निर्णय घेतो. नियमित फेरीचे निकाल मार्चअखेरीस लागतात, नंतर कॉलेजकडून आय-20, म्हणजे व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा कागद, येतो. ती फाइल तेव्हा उघड.