आधी चहाचे कप मोज

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

आहारतज्ज्ञ म्हणून तुझ्या पहिल्याच आठवड्यात सात जण ‘फॅटी लिव्हर ग्रेड वन’चा, म्हणजे लिव्हरमध्ये थोडी चरबी साठल्याचा, सोनोग्राफी रिपोर्ट घेऊन आले आणि तू सगळ्यांच्या हाती आहाराचा एकच छापील तक्ता ठेवलास म्हणे. रागावत नाही. मीही तेच करायचे.

इथे नाशकात सातपूरला शिफ्टमध्ये काम करणारे एक काका माझ्याकडे यायचे. “मॅडम, तेल-तूप बंद केलंय, तरी सोनोग्राफी तशीच.” खोदून विचारलं तर दिवसाला सहा चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. म्हणजे ६० ग्रॅमच्या आसपास, वर रात्रपाळीला खारी. साखरेतल्या फ्रुक्टोजचा बराचसा भार लिव्हरवरच पडतो आणि जास्तीच्याची तिथेच चरबी होते. वरणावरचं चमचाभर तूप बिचारं उगाच बदनाम झालं होतं. तेव्हा आधी वही उघड आणि कालच्या चहापासून आजच्या चहापर्यंत पोटात काय काय गेलं ते लिहून घे. तक्ता मागाहून.

माझी एक चूक सांगते. नवीन असताना एका बाईंना मी जवळपास उपाशीच ठेवलं. महिन्यात आठ किलो उतरले, आम्ही दोघी खूश, आणि रिपोर्टमध्ये एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, वाढलेलं! वजन झपाट्याने उतरलं की अंगातली चरबी सुटून लिव्हरकडेच धाव घेते. आठवड्याला अर्धा ते एक किलो, बास. ८० किलोच्या माणसाचे चार किलो, म्हणजे ५ टक्के उतरले तरी लिव्हरची चरबी कमी व्हायला लागते. लिव्हरची सूज ओसरायला ७ ते १० टक्के लागतात. हे आकडे पेशंटला सांगच, त्याला हुरूप येतो.

नाशिककराला रविवारची मिसळ बंद करायला सांगितलीस तर तो परत तोंड दाखवणार नाही. मटकी राहू दे, दही राहू दे. तर्री बेताची, पाव एकच, शेव चिमूटभर. वरची जिलबी मात्र नाही. द्राक्षं मूठभर खाल्ली तर चालतात, रस नको. आणि वाइन द्राक्षाची म्हणून ‘हेल्दी’, हे इथं पदोपदी ऐकशील. लिव्हरला त्यात सवलत नाही. पेठ-सुरगाण्याकडची नागली, म्हणजे नाचणी, उत्तमच, पण चार-चार भाकरी नव्हे.

‘लिव्हर साफ करणारे’ काढे घेताय का, हेही विचार. गुळवेलीनंतर लिव्हर बिघडल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवल्या आहेत. सोनोग्राफीच्या ग्रेडवरून लिव्हर किती कडक झालंय ते कळत नाही, ते डॉक्टरांना फिब-४ (वय आणि रक्ततपासणीवरून काढायचा आकडा) काढून बघू दे.

आणि बारीक दिसला म्हणून कुणाला सोडू नकोस. कंबर मोज: पुरुषाची ९० सेंटीमीटरपुढे, बाईची ८० पुढे गेली की खूण कर. शनिवारी येताना एक नवा टेप घेऊन ये, माझ्या टेपवरचे आकडे पुसले गेलेत.

तुझी,
ताई