सुपरकंडक्टिव्हिटीत पीएच.डी.साठी पुण्याहून जर्मनीला यावं का?

तू लिहिलंस की विद्यापीठातलं फिजिक्सचं एम.एस्सी. संपत आलंय, २०२३ मध्ये एलके-९९ च्या (रूम टेंपरेचरलाच सुपरकंडक्टर असल्याचा दावा झालेल्या कोरियन पदार्थाच्या) बातम्या वाचून या विषयाची ओढ लागली, आईबाबा म्हणतात पुण्यातल्याच आयसर या विज्ञानसंस्थेत बघ, आणि तुला मात्र युरोपात रूम टेंपरेचर सुपरकंडक्टर, म्हणजे थंड न करताही विजेला शून्य रोध करणारा पदार्थ, शोधणारा ग्रुप हवा आहे. ताई म्हणालीस, म्हणून मोकळेपणाने लिहिते. मीही त्याच डिपार्टमेंटमधून निघाले, आता जर्मनीत ड्रेस्डेनला नववं वर्ष आहे.

तुझ्या प्रश्नातलं 'रूम टेंपरेचर' आधी बाजूला ठेव. एलके-९९ चं काय झालं ते नीट वाच, कारण खरा धडा तिथे आहे. कोरियातल्या त्या नमुन्यांत कॉपर सल्फाइड मिसळलेलं होतं. ते थंड होताना साधारण १०४ अंश सेल्सिअसला आपली रचना बदलतं आणि त्याचा रोध एकदम घसरतो. तीच घसरण सुपरकंडक्टिव्हिटी वाटली. श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेतल्या लोकांनी वाद घालत न बसता कॉपर सल्फाइडविरहित शुद्ध स्फटिक वाढवला. तो निघाला जांभळट, पारदर्शक आणि चक्क इन्सुलेटर. विषय संपला. मला त्या आठवड्यांत सगळ्यात जास्त आदर वाटला तो स्फटिक वाढवणाऱ्या हातांबद्दल.

हे मला इतकं का लागतं, सांगते. पहिल्या हिवाळ्यात माझ्या तिळाएवढ्या स्फटिकाचा रोध थंड होता होता शून्यावर आला. रात्री अकराला मी गाइडना फोन केला. दुसऱ्या दिवशी चुंबकीय मोजमापात काहीच दिसलं नाही. खरा सुपरकंडक्टर चुंबकीय क्षेत्र आतून बाहेर ढकलतो, माझा ढिम्म होता. मायक्रोस्कोपखाली कळलं की थंड होताना स्फटिकाला चीर गेली होती, करंटने वाट बदलली होती आणि व्होल्टेज मोजणाऱ्या दोन तारांच्या मधल्या भागातून तो जातच नव्हता, म्हणून रोध शून्य दिसला. गाइड रागावले नाहीत. चार तारा (दोन करंटच्या, दोन व्होल्टेजच्या) सिल्व्हर पेस्टने पुन्हा लावायला लावल्या, तीन आठवडे, रोज. बाहेर यायचंच असेल तर हे शिकायला ये.

मोठ्या आकड्यांची भूल पडते हे मला समजतं. २०१५ मध्ये जर्मनीतल्या माइन्त्सला हायड्रोजन सल्फाइड २०३ केल्विनला, म्हणजे उणे ७० सेल्सिअसला, सुपरकंडक्टर झालं, २०१९ मध्ये लँथॅनम हायड्राइड २५० केल्विनच्या आसपास. हे काम पक्कं आहे, पण दाब वातावरणाच्या पंधरा-सतरा लाख पट. मग अमेरिकेतून त्याहून मोठे दावे आले आणि २०२० व २०२३ चे ते दोन्ही पेपर मागे घेतले गेले. त्या गटांतल्या विद्यार्थ्यांची वर्षं कोण परत देणार?

सध्या मला सगळ्यात जिवंत वाटतात ते निकेलेट, म्हणजे निकेलची ऑक्साइडं. तांब्याची काही ऑक्साइडं तुलनेने वरच्या तापमानाला सुपरकंडक्टर का होतात, हे कोडं १९८६ पासून सुटलेलं नाही. निकेल हा तांब्याचा शेजारी, म्हणून तिथे तेच घडतं का हा प्रश्न जुना होता. २०१९ मध्ये स्टॅनफर्डच्या पातळ थरांत दहा-पंधरा केल्विनला ते दिसलं. २०२३ मध्ये चीनच्या गटाला दुसऱ्या एका निकेलेटमध्ये ८० केल्विनच्या आसपास दिसलं, म्हणजे द्रव नायट्रोजनने थंड करता येईल अशा टप्प्यात, पण प्रचंड दाबाखाली. वर्षा-दीड वर्षात तोच पदार्थ दाबाशिवाय ४० केल्विनच्या वर चालला. युक्ती बघ: अस्तर आटलं की वरचं कापडही आत ओढलं जातं ना, तसं अणूंची जाळी किंचित लहान असलेल्या स्फटिकाच्या आधारावर थर वाढवला की अणू आपोआप दाबले जातात. इथे तुझ्यासारखीला भरपूर काम आहे.

आता आयसर की जर्मनी. आईबाबांचं म्हणणं उडवून लावू नकोस. पुण्यापासून तीन-चार तासांवर, मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत २०१६ साली अतिशुद्ध बिस्मथ ०.५३ मिलिकेल्विनला, निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ, सुपरकंडक्टर होतं हे सिद्ध झालं, तेही चुंबकीय मोजमापातून. २०२३ ला मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला सहा हजार कोटींहून जास्त निधी आहे, आणि पाषाणच्या आयसरमध्ये क्वांटम हब आहेच. थिअरी करायची असेल तर मी पुणे सोडणार नाही. प्रयोग करायचे असतील तर मात्र ये. नमुने थंड करायला लागणारा हेलियम भारतात आयात होतो, त्यामुळे मोजमापाचे दिवस जपून खर्चावे लागतात. इथे आमचा हेलियम परत गोळा होऊन पुन्हा द्रव होतो. शहराच्या टोकाला रोसेनडॉर्फला नव्वद टेस्लाच्या वर जाणारे, म्हणजे क्षणभर प्रचंड चुंबकीय क्षेत्र देणारे, पल्स मॅग्नेट आहेत. अर्थात तिथे बाहेरचे गटही अर्ज करून वेळ मिळवतात, म्हणजे ते दार पुण्यातूनही उघडं आहे.

पैशाचं थोडक्यात. इथे पीएच.डी. ही बहुतेक वेळा करारावरची नोकरी असते. पगाराची श्रेणी टीव्ही-एल ई-१३ (इथल्या राज्य सरकारी नोकऱ्यांची वेतनश्रेणी), पण त्यातला पगार अर्धा, दोन तृतीयांश की तीन चतुर्थांश हे मुलाखतीतच विचार. यात लाजू नकोस. एम.एस्सी. पुन्हा करायला आलीस तर ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (व्हिसासाठीचं, दरमहा ठरावीकच रक्कम काढू देणारं बँक खातं) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, सप्टेंबर २०२४ पासूनचा हा आकडा आहे. जर्मन भाषा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मॅक्स म्युलर भवनला आत्ताच सुरू कर. लॅबमध्ये इंग्रजी चालतं, घर शोधताना नाही.

प्रोफेसरला ईमेल करताना तापमानाबद्दल लिहू नकोस. त्यांच्या पेपरमधली एक आकृती निवड आणि तिच्याबद्दल खरा प्रश्न विचार. आणि ग्रुपमधल्या विद्यार्थ्यांना वेगळं विचार: स्फटिक कोण वाढवतं, मूळ डेटा सगळ्यांना बघता येतो का, आणि निकाल चुकला असं सांगणाऱ्याचं काय होतं? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा गप्प झाला तर तिथे जाऊ नकोस.

पहिल्या ईमेलचा मसुदा रविवारपर्यंत मला पाठव. आकृती कोणती निवडलीस तेही लिही, मी तो पेपर वाचून ठेवते.