आधी वीतभर विणून बघा

थंडीच्या तोंडावर आलेल्या प्रश्नांतून या वेळी विणींबद्दलचे निवडले आहेत. नवी वीण थेट स्वेटरवर न आजमावता आधी छोट्या तुकड्यावर कशी तपासायची, हा त्यातला समान धागा. सुयांचे नंबर आपल्याकडचे आहेत: 8 म्हणजे 4 मि.मी., 10 म्हणजे 3.25 मि.मी.

नमुन्यात '6 च्या पटीत, अधिक 2 टाके' असं लिहिलेलं असतं. मी 12-14 टाके घालून बघते, पण कडा गुंडाळल्या जातात आणि नक्षी कळतच नाही. टाके किती घालावेत? (सातारा)

6 टाक्यांत एक नक्षी पुरी होते. 'अधिक 2' हे शेवटची बाजू पहिलीसारखी दिसावी म्हणून असतात. ते एकदाच घालायचे, दर नक्षीमागे नाही. तुकड्यावर निदान तीन नक्ष्या हव्यात, कारण दोन्ही बाजूंना शेजार असलेली मधली नक्षीच स्वेटरवर दिसेल तशी दिसते. म्हणजे 18 अधिक 2, आणि दोन्ही कडांना 3-3 टाके: एकूण 26. कडेचे हे 3 टाके प्रत्येक ओळीत, उलट बाजूनेही, सुलटच विणा. सुरुवातीच्या आणि शेवटच्या 4 ओळीही सगळ्या सुलट.

कडा गुंडाळतात त्यात तुमचा हात वाईट नाही. एक सुई (म्हणजे एक ओळ) सुलट, एक सुई उलट अशा विणीत सगळे टाके एकाच बाजूला ओढ घेतात. म्हणून बाजूच्या कडा मागे वळतात आणि वरची-खालची कड पुढे. सगळ्या सुलट ओळींत ही ओढ दोन्ही बाजूंना सारखी वाटली जाते आणि पट्टी सपाट बसते.

टाके बंद करताना एक नंबर जाड सुई घ्या, 10 ऐवजी 9. घट्ट बंद केलेली कड तुकड्याला वरून आवळते, मग माप घेण्यात अर्थ उरत नाही. लोकर फिक्या रंगाची, गुळगुळीत, एकरंगी असावी. काळ्या किंवा बहुरंगी लोकरीवर नवी वीण शिकणं म्हणजे अंधारात तांदूळ निवडणं.

साबुदाणा वीण घातली की माझी बॉर्डर (उभ्या रेघांची वीण) होते. कुठे चुकतं? (अकोला)

टाक्यांच्या संख्येत. टाके विषम असतील, समजा 25, तर प्रत्येक ओळ 'एक सुलट, एक उलट' अशीच सुलटने सुरू करायची, साबुदाणा आपोआप पडतो. 24 असतील तर ओळ उलट टाक्यावर संपते. काम फिरवल्यावर तोच टाका सुलट दिसतो, त्यावर तुम्ही पुन्हा सुलट घालता आणि उभ्या रेघा तयार होतात. सम टाक्यांवर दुसरी ओळ उलटने सुरू करा. मोजणीवर विसंबण्यापेक्षा समोरचा टाका वाचा: गाठीसारखा दिसला तर सुलट, इंग्रजी व्ही अक्षरासारखा दिसला तर उलट.

लहरींची जाळी विणायची आहे, पण कधी टाके वाढतात, कधी लहरच पडत नाही. तिच्यात स्वतःचे बदल करता येतील का? (ठाणे)

ही वीण स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरची, तिथल्या शालींमध्ये नेहमी दिसणारी. प्रयोग करायला याहून चांगली वीण आम्हाला तरी माहीत नाही, कारण चारपैकी एकाच ओळीत सगळी करामत असते.

18 च्या पटीत टाके लागतात. दोन नक्ष्यांचे 36 आणि कडांचे 6 मिळून 42 घाला. 10 नंबरच्या सुईवर मध्यम लोकरीचा तुकडा साधारण वीतभर रुंद होईल. नक्षी मोठी आहे, म्हणून इथे दोनच पुरतात. खालच्या 4 ओळी सुलट झाल्या की कडेचे टाके सोडून असं विणा:

पहिली ओळ सुलट. दुसरी उलट. तिसऱ्या ओळीत: दोन टाके एकत्र सुलट, असं 3 वेळा, मग वेढा आणि एक सुलट, असं 6 वेळा, मग पुन्हा दोन एकत्र, 3 वेळा. चौथी ओळ उलट बाजूने, पण सुलट विणायची. या चार ओळी पुन्हा पुन्हा.

वेढा म्हणजे लोकर दोन सुयांमधून पुढे आणायची आणि सुईवरून मागे नेऊन पुढचा टाका विणायचा. या वाढीव फासाचं पुढच्या ओळीत भोक होतं.

आता हिशेब बघा. तिसऱ्या ओळीत 6 टाके कमी झाले, 6 वेढे वाढले, म्हणून 18 चे 18 राहतात. चौथ्या ओळीच्या शेवटी सुईवर 42 मोजायचेच. 41 असतील तर बहुधा एखादा वेढा सुईवरून निसटला आहे. दोन टाक्यांमधला आडवा धागा डाव्या सुईवर उचलून विणलात की तो परत मिळतो, उसवायची गरज नाही. 43 असतील तर दोन एकत्र करायचं एक ठिकाण सुटलं आहे. टाके बरोबर आहेत पण भोक दिसत नाही, असं झालं तर तुम्ही वेढा मागच्या बाजूने विणला आहे. त्याला पीळ बसतो आणि भोक मिटतं. चौथ्या ओळीत सुई वेढ्याच्या पुढच्या पायात घाला.

लहर पडते कशी, ते कळलं की बदल तुम्हालाच सुचतील. जिथे टाके कमी होतात तिथे कापड आत ओढलं जातं, जिथे वेढे पडतात तिथे फुगतं. दोन शेजारच्या नक्ष्यांच्या सांध्यावर 3 आणि 3 मिळून सहा घटी एकत्र येतात, आणि मधल्या सहा वेढ्यांचा पंखा उमलतो. हे पडताळायचं असेल तर याच तुकड्यावर पुढे प्रयोग करा. प्रत्येक प्रयोगाला 12 ओळी द्या आणि दोन प्रयोगांमध्ये 2 सुलट ओळी घाला, म्हणजे एक कुठे संपला ते दिसेल.

आधी फक्त चौथी ओळ उलट विणा. आडवी कंगोऱ्याची रेघ जाईल, लहर तशीच राहील. म्हणजे रेघेचा लहरीशी संबंध नाही. मग मूळ चार ओळींनंतर एक सुलट आणि एक उलट अशा दोन साध्या ओळी वाढवा. लहर उथळ होईल, कापड जास्त भरीव होईल. स्वेटरला हे रूप शालीपेक्षा बरं. शेवटी तिसऱ्या ओळीत घट आणि वेढा वेगळे न ठेवता 'वेढा, दोन एकत्र' असं 9 वेळा विणा. टाके तेवढेच, भोकं मात्र 6 ऐवजी 9, आणि लहर पूर्ण गायब, नुसती सरळ जाळी. घटी एका जागी गोळा केल्या म्हणून लहर होती, हे इथे डोळ्यांना दिसतं. मूळ विणीत दर चार ओळींनी रंग बदलून बघा. पट्टे सरळच विणलेत, तरी नागमोडी दिसतील.

एका वेळी एकच गोष्ट बदला. सुई, लोकर आणि ओळी एकदम बदलल्या तर जे बिघडलं ते कशामुळे, हे सांगता येत नाही.

पुण्याहून आईने पाठवलेल्या 8 नंबरच्या सुया आणि इथे घेतलेल्या 8 नंबरच्या सुया, दोन्हींवरचे तुकडे वेगवेगळे का येतात? (न्यू जर्सी)

कारण त्या वेगळ्याच सुया आहेत. अमेरिकेतली 8 म्हणजे 5 मि.मी., आपल्याकडची 8 म्हणजे 4 मि.मी. (अमेरिकेत ती 6 नंबर ठरते). शिवाय तिथे नंबर वाढला की सुई जाड होते, आपल्याकडे बारीक. नंबर विसरा, मि.मी. बघा. सुईवर लिहिलेलं नसेल तर भोकांची मापपट्टी मिळते, तिच्यातून सुई घालून बघा.

मापासाठीचा तुकडा किमान 15 सें.मी. चौरस हवा, आणि माप मधल्या 10 सें.मी.चं घ्यायचं. कडेचे टाके नेहमीच थोडे सैल किंवा घट्ट असतात. अर्धा टाकाही मोजा. 10 सें.मी.ला 22 टाके धरून 96 सें.मी. घेरासाठी 211 टाके लागतात. प्रत्यक्षात तुमचे 21 च येत असतील तर त्याच 211 टाक्यांचा घेर 100 सें.मी.च्या वर जाईल. टाके जास्त येत असतील तर जाड सुई घ्या, कमी येत असतील तर बारीक. हात मुद्दाम घट्ट-सैल करू नका, चार बोटं विणून झाल्यावर तो मूळ पदावर येतोच.

वेणी घातली की स्वेटर तिथे आवळतो. वेणीची सुईही नाही. (बेळगाव)

सुईचं काम मोठी सेफ्टी पिन किंवा अंबाड्याचा आकडा करतो. आवळणं मात्र वेणीच्या स्वभावातच आहे, कारण टाके एकमेकांवर चढतात. एका पट्टीवर 2 उलट, 6 सुलट, 2 उलट घ्या, कडेचे 3-3 वेगळे. पहिल्या 24 ओळींत दर 4 ओळींनी 3 टाके 3 वर ओलांडा, पुढच्या 24 त दर 6 ओळींनी, नंतरच्या 24 त दर 8 ओळींनी. पहिला भाग दोरखंडासारखा कडक होतो आणि बाजूला भोकं पडतात, शेवटचा ढिला आणि चपटा दिसतो. जितके टाके साधारण तितक्या ओळी, हे प्रमाण बहुतेक लोकरींवर जमतं. पिनेवरचे टाके पुढे धरले तर वेणी डावीकडे झुकते, मागे धरले तर उजवीकडे.

साध्या विणीत 10 सें.मी.ला 22 च्या हिशेबाने 6 टाके सुमारे 2.7 सें.मी. भरतात. वेणीतले 6 किती भरतात ते तुकड्यावर मोजा आणि कमी पडलेल्या दर सेंटिमीटरला 2 टाके बॉर्डरच्या शेवटच्या ओळीत वाढवा. खांद्याशी टाके बंद करण्याआधी तेवढेच कमी करा, नाहीतर तिथे झालर होते.

तुकडा इस्त्रीने वाफवला तर लोळागोळा झाला. (नागपूर)

लोकर ऍक्रिलिक असणार. उष्णतेने तिचा ताण कायमचा जातो, तो परत येत नाही. ऍक्रिलिक नुसतं धुऊन सपाट वाळवा. खरी लोकर कोमट पाण्यात 20 मिनिटं भिजवा, पिळू नका, पंचात गुंडाळून दाबा आणि टाचण्या लावून वाळवा. जाळी धुतल्यावर पसरते, म्हणून तिचं माप धुतल्यानंतरचंच खरं.

तुकडे साठलेत. ठेवायचे कसे? कोणता कुठल्या सुईचा, आठवत नाही. (पणजी)

एकोणिसाव्या शतकात युरोपात, विशेषतः जर्मन मुलखात, एकाच लांब पट्टीवर नक्षीमागून नक्षी विणून गुंडाळी करून ठेवत. तुम्हीही 42 टाक्यांवर तसं करू शकता. नवी नक्षी सुरू करण्याआधी 4 ओळी सुलट घाला आणि नक्षीच्या पटीप्रमाणे टाके त्याच ओळींत वाढवा-घटवा. सुट्या तुकड्यांवर सुईचा नंबर विणूनच टाका: खालच्या सुलट ओळी झाल्या की पहिल्या साध्या ओळीत, सुलट बाजूने, 10 नंबरसाठी एकाआड एक 10 उलट टाके. कागदाची चिठ्ठी हरवते, या गाठी धुऊनही राहतात. लोकरीचं लेबल मात्र दोऱ्याने बांधा, टाचणीने नको. आपल्या दमट हवेत टाचणी गंजते आणि तुकड्यावर डाग पडतो.