उत्तर: तोंडी येतं, लिहिताना चुकतं (फ्रेंचचा जवळचा भविष्यकाळ)

तुमची पोस्ट दोनदा वाचली. क्लासची वही सगळी देवनागरीत, 'झ व्हे माँझे' म्हणजे 'मी खाणार आहे' हे झोपेतून उठवलं तरी सांगता येतं, आणि तरीही लेखी सरावात दहापैकी आठ वाक्यांखाली लाल रेघ. वर "नेमकं काय चुकतं तेच कळत नाही" असं तुम्ही लिहिलंय. माझं अगदी हेच झालं होतं, म्हणून जरा लांबण लावते. मी शिक्षिका नाही, बी-१ (फ्रेंचची मधली पातळी) पास होऊन थांबलेली विद्यार्थिनी आहे, तेव्हा तुमच्या बाईंनी वेगळं सांगितलं तर त्यांचं ऐका.

'जाणे'ची रूपं, म्हणजे व्हे, व्हा, व्हा, आलों, आले, व्हों, तुम्हाला पाठ आहेतच. ती सोडून देते.

दुखणं 'माँझे'त आहे. कानाला एकच शब्द, पण कागदावर तीन. शेवटी ई-आर असेल तर मूळ क्रियापद, 'खाणे'. शेवटी ई-झेड असेल तर 'तुम्ही खाता'. आणि डोक्यावर तिरकी रेघ असलेला नुसता ई असेल तर 'खाल्लं', म्हणजे भूतकाळ. देवनागरीत तिघांनाही आपण 'माँझे'च लिहितो, त्यामुळे वही उघडली की तिन्ही एकसारखेच दिसतात. जवळच्या भविष्यकाळात कायम पहिलं, मूळ रूप लागतं. तुम्ही बहुतेक तिरक्या रेघेचा ई लिहीत असणार. मी तेच करत होते.

डेल्फ म्हणजे फ्रेंचची प्रमाणपत्र परीक्षा. तिच्या ए-२ पातळीला (बी-१च्या आधीची) लेखी भागात दोन छोटे मजकूर असतात, प्रत्येकी किमान ६० शब्दांचे. एकात घडलेली गोष्ट सांगायची, दुसरा आमंत्रणाला उत्तर वगैरे. म्हणजे एकीकडे 'खाल्लं', दुसरीकडे 'खाणार', आणि मी दोन्हीकडे उलटसुलट शेवट लिहून आले. एकूण १०० पैकी मला ६१ होते. पासाला ५० लागतात. पण चारही विभागांत २५ पैकी किमान ५ हवेत, आणि लेखीत मला साडेचार. नापास.

पेपर झाला त्याच संध्याकाळी मी दोन्ही मजकूर आठवून वहीत उतरवले होते. निकालानंतर ते पान घेऊन क्लासमध्ये गेले. क्लासवाल्यांनी पानाकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुमचे उच्चार उत्तम आहेत, परीक्षक कडक असेल," असं म्हणून पुढच्या बॅचचा फॉर्म समोर सरकवला. देवनागरीतल्या झेरॉक्स नोट्स त्यांनीच दिलेल्या, आणि वर्षभरात एकदाही आमच्याकडून चार ओळी लिहून घेतल्या नव्हत्या. परीक्षेची फी गेली, सहा महिने गेले, त्याहून वाईट म्हणजे आपल्याला भाषाच येत नाही असं वाटायला लागलं. ते अजून आठवलं की राग येतो. शेवटी ओळखीतल्या एका बाईंनी तेच पान वाचून पेन्सिलीने क्रियापदांच्या फक्त शेवटच्या अक्षरांना गोल केले. पान गोलांनी भरलं. बाकीच्याही चुका होत्या, पण इतक्या नव्हत्या.

त्यांनी दिलेली युक्ती अशी: शंका आली की त्या जागी 'विकणे' ठेवून बघायचं. ते 'व्हाँद्र', 'विकलं' ते 'व्हाँद्यू', 'तुम्ही विकता' ते 'व्हाँदे'. इथे तिन्ही कानाला वेगळे. 'झ व्हे व्हाँद्र' बरोबर वाटतं, 'झ व्हे व्हाँद्यू' कानाला खटकतं. म्हणजे 'माँझे'लाही मूळ रूप, ई-आर. फ्रेंच मुलंसुद्धा शाळेत हाच घोटाळा करतात आणि त्यांनाही अशीच अदलाबदल शिकवतात, त्यामुळे मनाला लावून घेऊ नका.

माझं ठाम मत: हा काळ इंग्रजीच्या आधाराने शिकूच नये. आपलं 'खाणार आहे, खाणार आहेस, खाणार आहोत' बघा. 'खाणार' जागचं हलत नाही, बदलतं ते 'आहे'. फ्रेंचमध्येही तेच, 'आहे'चं काम 'व्हे, व्हा, आलों' करतात आणि मूळ क्रियापद जसंच्या तसं राहतं. इतकं सोपं साम्य मला कुणी दाखवलं नाही याचं वाईट वाटतं.

हे साम्य नकारात मात्र सोडा. आपण 'खाणार नाही' म्हणतो, म्हणून फ्रेंचमधला नकाराचा 'पा' शेवटी टाकायचा मोह होतो. तो 'व्हे'ला चिकटतो: 'झ न व्हे पा माँझे'. बोलताना लोक 'न' गिळतात, लिहिताना गिळू नका.

'आपण उठणार आहोत' यासारख्या वाक्यांत मधला छोटा शब्दही माणसाप्रमाणे बदलतो: 'झ व्हे म लव्हे', पण 'नू झालों नू लव्हे'. दोनदा 'नू' बघून एक खोडू नका, मी खोडला होता. (तो 'झ' म्हणजे 'नू'च्या शेवटचा एरवी न उच्चारलेला एस, पुढे स्वर आला म्हणून ऐकू येतो. लिहिताना तो 'नू'कडेच राहतो.)

आणि 'तुम्ही जाणार आहात' हे वाक्य आजच वहीत रोमन लिपीत लिहा: 'व्हू झाले आले'. 'आले' दोनदा ऐकू येतं, पहिल्याला शेवटी ई-झेड, दुसऱ्याला ई-आर. हे वाक्य न अडखळता लिहिता आलं की तुमची निम्मी लाल रेघ जाईल, निदान माझी गेली. जमलं तर अशी दहा वाक्यं लिहून पानाचा फोटो इथे टाका, मी शेवटची अक्षरं बघून देते.