वाफेच्या ट्रॉलरची यंत्रं तपासायला निघालेल्या मुलीस

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

जुन्या वाफेच्या ट्रॉलरची, म्हणजे जाळं ओढत मासे धरणाऱ्या बोटीची, यंत्रं तपासण्याच्या कामावर तुला घेतलं हे वाचून फार आनंद झाला. पुढेमागे दक्षिण अटलांटिकमधल्या दक्षिण जॉर्जिया बेटावर जाऊन ‘व्हायोला’ ही जुनी ट्रॉलर पाहायची आहे असंही तू लिहिलं आहेस, म्हणून तिलाच समोर ठेवून लिहितो.

व्हायोला 1906 ची. इंग्लंडमधल्या बेव्हर्लीला कुक, वेल्टन अँड गेमेल यांच्या आवारात बांधलेली, लांबी सुमारे 108 फूट. तिथली नदी अरुंद, त्यामुळे बोटी आडव्याच पाण्यात सोडत आणि इंजिन बसवायला ओढून हल बंदराला नेत. खास वाफेची ट्रॉलर म्हणून बांधलेली ‘झोडियॅक’ इंग्लंडमधल्याच ग्रिम्सबी बंदराला आली 1881 मध्ये. म्हणजे व्हायोलाच्या वेळेपर्यंत हा धंदा पंचवीस वर्षं मुरलेला होता. पहिल्या महायुद्धात नौदलाने व्हायोलाला कामाला लावलं, मग ती नॉर्वेला गेली, 1927 मध्ये अर्जेंटिनाच्या कंपनीकडे, आणि ‘दियास’ या नावाने दक्षिण जॉर्जियातल्या ग्रिटविकेनला सीलच्या शिकारीसाठी व सामान वाहण्यासाठी राबली. 1974 मध्ये ती तिथेच बुडाली. 2004 मध्ये वर काढून किनाऱ्याला लावली. इंजिन अजून तिच्या पोटात आहे.

एवढ्या हातांतून गेलेल्या बोटीत तू काय शोधणार? बहुतेक जण कारखान्याच्या नावाची पितळी पाटी शोधतात. ती बघ, फोटो काढ, पण तिथे रेंगाळू नकोस. सिलिंडरचा व्यास, स्ट्रोक, बॉयलरचा दाब या गोष्टी जहाजांची तपासणी करणाऱ्या लॉईड्स रजिस्टर या संस्थेच्या सर्व्हेअरांनी त्या काळी लिहून ठेवल्या आहेत आणि त्यांच्या संग्रहात अशा बोटींचे कागद मिळतात. कागदात नसतं ते पुढचं आयुष्य. ते लोखंडावरच वाचावं लागतं, आणि माझ्या मते बंदरापासून दूर, हाताशी होतं त्यात भागवून केलेली एक ओबडधोबड दुरुस्ती त्या पाटीपेक्षा कितीतरी मोलाची असते.

वाफेच्या वाटेने चाल. बॉयलरपासून सुरू कर, मुख्य झडप, मग उच्च, मध्यम आणि कमी दाबाचा सिलिंडर, तिथून वाफेचं पुन्हा पाणी करणारा कंडेन्सर, एअर पंप, आणि फीड पंपातून पाणी पुन्हा बॉयलरकडे. या वाटेवर मध्येच एखादा नळ नव्या फ्लँजचा, म्हणजे जोडाच्या चकतीचा, निघाला किंवा कुठेच न जाणारा तुकडा दिसला, तर तिथे काहीतरी बदललेलं आहे असं समज.

भट्टीच्या तोंडाशी नीट थांब. आत कोळशाच्या जाळीचे गज आहेत की दारात तेलाचे बर्नर बसवल्याच्या खुणा आहेत? आगवाल्याचं काम त्या दिवसापासून बदललेलं असतं, बंकरच्या, म्हणजे कोळसा साठवण्याच्या, जागेचा उपयोगही बदललेला असतो. आत टॉर्च टाकून नळ्यांची तोंडं, बॉयलरचे पत्रे ताणून धरणाऱ्या स्टेचे नट आणि भट्टीच्या वळणावरची गंजाची चर पाहा.

इंजिनात क्रॉसहेडची, म्हणजे पिस्टनचा दांडा आणि कनेक्टिंग रॉड जोडणाऱ्या भागाची, सरकपट्टी पाहा. बोट बहुतेक वेळ पुढेच चालते, त्यामुळे पट्टीची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त झिजलेली असते. जाळं ओढताना गती मंद पण भार मोठा, तेव्हा ट्रॉलरमध्ये ही झीज मोजण्यासारखीच असते. बेअरिंगच्या दोन अर्ध्यांमधले पातळ पत्रे बाजूने दिसत असतील तर त्यांची जाडी लिही. पितळ झिजत गेलं तसे इंजिनिअर एकेक पत्रा कमी करत. किती उरले यावरून पुष्कळ कळतं. मात्र नट सैल करू नकोस. एकदा फिरवलेला नट पूर्वी कुठे होता हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. गंजही खरवडू नकोस. जाडी मोजायला धातू उघडा करावाच लागला, तर आधी लेखी परवानगी घे, फोटो काढ आणि मगच नाण्याएवढी जागा साफ कर.

आणि डेकवरचा विंच! तो इंजिनरूमच्या बाहेर म्हणून लोक त्याला यंत्रांत धरतच नाहीत, हे मला फार खटकतं. ट्रॉलरची वाफ दोन कामांसाठी होती: बोट ढकलणारा पाण्यातला पंखा फिरवायला आणि जाळं वर घ्यायला. विंचचे ड्रम, त्यावर वायरने पडलेल्या चऱ्या, डेकवरून गेलेला वाफेचा नळ, गॅलोजवरची, म्हणजे जाळ्याची वायर जिच्यावरून जाते त्या लोखंडी कमानीवरची, घासलेली कप्पी, सगळं मोज. बोटीने पुढे मासेमारी सोडली असेल तर विंच बदललेला किंवा काढलेलाही असेल. मग डेकवरची बोल्टची भोकं वहीत रेखाटून ठेव.

आता माझं हट्टाचं सांगणं. बंद टाकीत किंवा बॉयलरमध्ये एकटीने शिरायचं नाही. लोखंड गंजताना हवेतला ऑक्सिजन खातं. वास नाही, रंग नाही, माणूस जागच्या जागी कोसळतो. मीटरने हवा तपासल्याशिवाय आणि बाहेर माणूस उभा केल्याशिवाय डोकंसुद्धा आत घालू नकोस. नळांवरचं पांढरट आवरण ॲस्बेस्टॉस धरून चाल, जाणकार नाही म्हणेपर्यंत. यात माझ्याशी वाद घालू नकोस.

वहीत दोन रकाने ठेव, ‘पाहिलं’ आणि ‘वाटतं’. ‘तेलावर बदललेली’ हे ‘वाटतं’मध्ये, ‘दारात चार बोल्टची गोल भोकं’ हे ‘पाहिलं’मध्ये. संध्याकाळी थकून आल्यावर हे दोन्ही मिसळायला लागतात, म्हणून तिथेच उभं राहून लिही.

मुंबई सरकारनेही 1921-22 मध्ये ‘विल्यम कॅरिक’ ही वाफेची ट्रॉलर मुंबईसमोरच्या समुद्रात मासेमारीच्या चाचणीसाठी फिरवली होती. तुझं हे काम आटोपलं की तिच्या यंत्रांचे कागद कुठे मिळतात का, हे आपण दोघं मिळून शोधू. तोवर विंचची मापं आधी पाठव, बाकीचं सावकाश.

तुझा,
काका