फायबर घेताय? मग वायर कुठपर्यंत येते ते आधी बघा

या महिन्यात घरच्या इंटरनेटबद्दल इतकी पत्रं आली की अख्खं पान त्यालाच द्यायचं ठरवलं. बरेचसे प्रश्न सारखेच होते म्हणून एकत्र केलेत, आणि जिथे सविस्तर सांगायची गरज वाटली तिथे जरा लांबलंय, चालवून घ्या.

ताई, जाहिरातीत 'फायबर' लिहिलंय पण माणूस येऊन जुन्या टेलिफोनच्याच वायरला नवीन राउटर जोडून गेला. हे फायबर म्हणायचं का?

नाही, पूर्ण फायबर तर अजिबात नाही. होतं काय की कंपनी रस्त्यावरच्या कॅबिनेटपर्यंत फायबर आणते आणि तिथून तुमच्या घरापर्यंत जुनी तांब्याची जोडीच वापरते. कॅबिनेट शंभर-दोनशे मीटरवर असेल तर स्पीड बऱ्यापैकी मिळतो, पण तांब्यातला सिग्नल अंतरानुसार झपाट्याने पडतो, दीड एक किलोमीटरवर गेलात तर जुन्या ब्रॉडबँडपेक्षा फारसा फरकच राहत नाही. फायबर म्हणजे काचेची बारीक तार, तिचं तसं नाही. चांगल्या फायबरमध्ये किलोमीटरमागे सिग्नलचा ५ टक्क्यांच्या आसपासच भाग कमी होतो, म्हणून तर कंपनीच्या एक्स्चेंजपासून २० किलोमीटरवरच्या घरालाही तोच स्पीड देता येतो.

ओळखायचं कसं? घरात येणारी वायर बघा. फायबरची केबल बारीक असते, तिच्या टोकाला छोटा चौकोनी प्लास्टिकचा कनेक्टर असतो, बहुतेक वेळा हिरवा किंवा निळा, आणि ती ज्या डब्यात जाते त्याला ओएनटी म्हणतात, त्यावर 'पॉन' आणि 'लॉस' असे दिवे असतात. टेलिफोनचा पिन किंवा टीव्हीसारखी जाड गोल केबल आली असेल तर शेवटचा टप्पा तांब्याचा आहे. तिसरा प्रकार इमारतींमध्ये दिसतो, फायबर खाली मीटरच्या खोलीपर्यंत आणि वर घरात लॅन केबल. हा वाईट नाही, लॅन केबल १०० मीटरच्या आत असली की चांगली चालते, फक्त खालच्या नेटवर्क स्विचची, म्हणजे घराघरांत नेट वाटणाऱ्या डब्याची, वीज गेली की अख्ख्या इमारतीचं नेट जातं हे लक्षात ठेवा.

तेव्हा फोनवर एकच प्रश्न विचारा, "काच माझ्या घराच्या आत येणार का?" आणि उत्तर मेसेजवर किंवा मेलवर मागा.

समोरच्या इमारतीत फायबर आहे, आमच्याकडे कंपनी म्हणते 'लवकरच'. इतकं जवळ असून का देत नाहीत?

हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय आणि तुमची चिडचिड मला पूर्ण समजते, कारण वायर डोळ्यांसमोर दिसत असते. कारण असं आहे की एक्स्चेंजमधून निघालेलं एक फायबर वाटेत स्प्लिटरमध्ये जातं आणि तिथे प्रकाश ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. स्प्लिटर म्हणजे फक्त काच, त्याला वीज लागत नाही, पण त्याची तोंडं मोजकी. ती भरली की शेजारच्या माणसाला मिळालं तरी तुम्हाला मिळत नाही, नवीन स्प्लिटर बसवावा लागतो. दुसरं म्हणजे परवानगी. रस्ता खोदायचा, खांबावरून वायर न्यायची किंवा इमारतीच्या डक्टमधून, म्हणजे वायरींसाठी सोडलेल्या जागेतून, वर चढवायची तर कोणाची ना कोणाची सही लागते, आणि खर्चाचा मोठा वाटा खोदकामातच जातो, खुद्द फायबर त्यामानाने स्वस्त असतं. म्हणून दाट वस्तीत चार कंपन्या भांडतात आणि सुटं घर असलं की कोणी फिरकत नाही.

यावर उपाय आहे, आणि तो खरंच चालतो. एकट्याने फोन करत बसू नका. इमारतीतल्या किंवा गल्लीतल्या आठ-दहा घरांनी मिळून एकाच पत्रावर मागणी करा, सोबत डक्ट वापरायची लेखी परवानगी जोडा. कंपनीला एका घरासाठी माणूस पाठवणं परवडत नाही, दहा घरांसाठी परवडतं. आणि वेबसाइटवरच्या नकाशात 'उपलब्ध' दिसलं म्हणून जुनं कनेक्शन लगेच तोडू नका! तो नकाशा बऱ्याचदा परिसराचा असतो, तुमच्या दाराचा नसतो. नवीन सुरू होऊन आठवडाभर नीट चालल्यावरच जुनं बंद करा.

दोन प्लॅन आहेत, एक सरळ आहे आणि एक सुरुवातीला खूप स्वस्त. कोणता घ्यावा?

महिन्याचा आकडा बघून ठरवू नका, कराराची पूर्ण मुदत धरून बेरीज करा. समजा सरळ प्लॅन महिन्याला १०० रुपये, २४ महिन्यांचे झाले २४००. दुसरा पहिले ६ महिने ६० आणि नंतर ११०, म्हणजे ३६० अधिक १९८०, झाले २३४०. स्वस्तच वाटतोय ना, पण त्यात इन्स्टॉलेशनचे ३०० धरले की २६४० होतात, आणि २४ महिन्यांनंतरही तुम्ही ११० च भरत राहणार. शिवाय टॅक्स धरलाय की वेगळा, राउटर विकत की भाड्याने, डिपॉझिट परत कधी मिळणार, मधेच घर बदललं तर दंड किती, हे सगळं विचारा. 'अनलिमिटेड' शब्दाखाली बारीक अक्षरात ठरावीक डेटानंतर स्पीड कमी होईल असं लिहिलेलं असतं, तो कमी झालेला स्पीड किती ते आवर्जून बघा.

आणि मोठा स्पीड घ्यायलाच हवा असं काही नाही. फोरके व्हिडिओला साधारण २५ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) पुरतात, चार माणसांच्या घराला १०० भरपूर होतात. त्याऐवजी अपलोड विचारा. घरून काम, व्हिडिओ कॉल, फोटोंचा बॅकअप हे सगळं अपलोडवर चालतं, आणि डाउनलोड-अपलोड सारखं देणारा १०० एमबीपीएसचा प्लॅन मला ३०० डाउनलोड आणि ३० अपलोडवाल्यापेक्षा कधीही बरा वाटतो.

३०० एमबीपीएसचा प्लॅन घेतलाय पण स्पीड ९४ च्या वर जातच नाही. कंपनी फसवतेय का?

९४ वरच अडकतंय म्हणताय ना, मग कंपनीवर चिडण्याआधी केबल बघा. जुन्या राउटरचं पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं आणि त्यातून प्रत्यक्षात ९४ च्या आसपासच मिळतात. लॅन केबलमधल्या आठ तारांपैकी एखादी तुटली तरी जोडणी एक गिगाबिटवरून १०० वर येऊ शकते. केबल बदलून बघा, मग पोर्टवर 'गिगाबिट' लिहिलंय का ते बघा. आकडा सारखा वर-खाली होत असेल तर मात्र वायफायचा दोष समजा, राउटर कपाटातून बाहेर काढून घराच्या मधोमध उंचावर ठेवा. टेस्ट नेहमी लॅपटॉपला केबल लावूनच करा, मोबाईलवरच्या टेस्टने तक्रार टिकत नाही.

आणि डाउनलोड होताना सेकंदाला ३७ एमबी दिसतात म्हणून काहींनी लिहिलंय, ते बरोबर आहे, तो आकडा मेगाबाइटचा असतो आणि प्लॅनचा मेगाबिटचा, एका बाइटमध्ये ८ बिट, म्हणून ८ ने गुणा, ३०० च्या जवळपास येतं.

लाईट गेली की नेट जातं, आणि मधेच लाल दिवा लागतो.

एक्स्चेंजपासून घरापर्यंत मधे कुठे वीज लागत नाही, एक्स्चेंजला तर बॅकअप असतोच, त्यामुळे पूर्ण फायबर असेल तर फक्त ओएनटी आणि राउटरला छोटा यूपीएस लावा, बहुतेक १२ व्होल्टचे असतात, पण अडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर वाचूनच घ्या.

लाल 'लॉस' दिवा म्हणजे प्रकाश पोचतच नाहीये. आधी कपाट किंवा सोफ्यामागे केबल दाबली गेलीये का, खिळ्याशी घट्ट वळलीये का ते बघा, काच जास्त वाकली की प्रकाश बाहेर सांडतो. सैल करून लाल दिवा विझला तर काम झालं. नाही विझला तर कनेक्टर स्वतः उघडून पुसू नका, टोकात डोळ्याने बघू तर मुळीच नका, तो प्रकाश दिसत नाही पण असतो. तक्रार नोंदवताना 'नेट बंद आहे' असं न सांगता 'लॉसचा दिवा लाल आहे' असं सांगा, म्हणजे राउटर रिस्टार्ट करायला लावण्यात वेळ न घालवता थेट लाईनवाला माणूस पाठवतात.